खालचे थर

माझ्या थोरल्या बहिणीच्या घरात जेवढं कापड आहे, तेवढं एखाद्या बऱ्या दुकानात नसेल. दुकानातलं निदान विकलं तरी जातं. ताईच्या घरात शिरलेलं कापड पुन्हा उजेड बघत नाही. पलंगाखाली कापड, कपाटावर कापड, फ्रिज ज्या खोक्यातून आला त्या खोक्यात कापड. पाहुणे ज्या दिवाणावर बसतात त्याच्या पोटातही कापडच. त्यामुळे तो कायम फुगलेला असतो आणि बसलेला माणूस हळूहळू पुढे घसरत येतो. "या घरात माणसांनीच घडी घालून राहावं, म्हणजे कापडाला ऐसपैस होईल," असं भावोजी म्हणतात, आणि म्हणून झाल्यावर हळूच ताईकडे बघतात.

हे सगळं गोधड्यांसाठी. कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं, "गोधड्या शिवायच्यात. जरा सवड होऊ दे." ही सवड माझं लग्न झाल्यावर होणार होती. मग माझी मुलं शाळेत गेल्यावर होणार होती. त्यांची कॉलेजं संपली तरी ती काही झाली नाही. खरं तर प्रश्न सवडीचा नव्हताच, तिला ते कापड कापवत नव्हतं. घडी उलगडायची, हात फिरवायचा, पुन्हा घडी घालायची आणि वर मलाच ऐकवायचं, "एकदा कात्री लागली की गेलं ना ते."

गंमत अशी की, ताईचा धंदाच कापायचा. ती कपड्यांच्या कारखान्यात कटिंगला आहे. लांबलचक टेबलावर कापडाचे थर एकावर एक पसरतात, सगळ्यांत वरच्या थरावर खडूनं आखणी करतात, आणि मग उभ्या पात्याचं मशीन हातानं ढकलत सगळे थर एकदम कापायचे. एका दमात ढीगभर बाह्या, ढीगभर पाठी. हात चुकला तर एक शर्ट जात नाही, अख्खा ढीग जातो. ताईचा हात चुकत नसे. कारखान्यात तिला सगळे 'पट्टी' म्हणत. तिनं कापलेल्या कडेला पट्टी लावून बघायची कोणाला गरज वाटत नसे, म्हणून. हे नाव तिला आईबापांनी ठेवलेल्या नावापेक्षा जास्त आवडायचं. घरी बोलतानासुद्धा ती सहज म्हणून जायची, "आज मालक म्हणाले, पट्टीला विचारा."

एके दिवशी तिनं मला माझ्या घराच्या जिन्यात गाठलं. "कोणाला सांगणार नसशील तर एक सांगते," म्हणाली.

"सांग."

"माझा हात मला कळेनासा झालाय."

उजवा अंगठा मधूनच बधिर व्हायचा आणि मनगटातला जोर जायचा. घरात कप निसटले ते तिनं 'धक्का लागला' म्हणून खपवले होते. पण कारखान्यात एका मालात खालच्या थरांतल्या बाह्या अरुंद निघाल्या होत्या. असं दोनच कारणांनी होतं. एक तर थर पसरताना कापड ताणलं गेलेलं असतं, नाहीतर कापताना पातं कललेलं असतं. पातं कललं की वरचा तुकडा रेघेवर अगदी बरोबर येतो, आणि खाली खाली फरक वाढत जातो. ताईचं पातं कलेल हे कोणाच्या स्वप्नातही आलं नाही. मालकांनी थर पसरणाऱ्या माणसाला सगळ्यांसमोर झापलं, आणि ताई मूग गिळून गप्प बसली.

"मग आता?" मी विचारलं.

"त्याची चूक की माझी, हे मलाच माहीत नाही गं. तेच तर घशात अडकलंय."

मी दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते. म्हटलं, उद्याच ये, डॉक्टरांना दाखवू. तर माझ्यावरच उखडली. डॉक्टर मशीन सोडा म्हणतील, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि ते तिला कोणाच्याही तोंडून ऐकायचं नव्हतं. अशीच अंगावर काढून काढून शेवटी आलेली माणसं मी दिवसभर बघते आणि प्रत्येकाला चार शब्द सुनावते. सख्ख्या बहिणीपुढे मात्र माझं काही चाललं नाही. ती घरी गेली आणि तिनं दिवाण उघडला.

तिनं मनाशी एक ठरवलं होतं. घरातलं कापड कारखान्यासारखंच थरात कापायचं, आठ थर एकावर एक ठेवून, मोठ्या कात्रीनं. चौकोन पाडायचे आणि जोडून गोधडी करायची. चार चौकोनांचे कोपरे एका जागी भेटले तर हात शाबूत. नाही भेटले तर ती आपण होऊन मालकांकडे जाणार, मशीन दुसऱ्याला द्या म्हणून सांगणार, आणि त्या बाह्यांचंही सांगणार.

"एवढा खटाटोप कशाला?" मी म्हटलं. "वरचा तुकडा खालच्या तुकड्यावर ठेव. लगेच कळेल."

"डोळे आपल्याला हवं तेच बघतात," ताई म्हणाली. "शिवण खोटं बोलत नाही."

असली वाक्यं ताई घाबरली की बोलते. तिला निकाल हवा होता, पण लगेच नको होता.

पहिली कात्री लागली तेव्हा मी समोर होते. गडद निळं, बारीक ठिपक्यांचं सुती कापड. ताईनं ते पसरलं, हातानं सुरकुत्या काढल्या, आठ थर केले, वर खडूनं रेघा ओढल्या. मग कात्री हातात घेऊन ती नुसतीच उभी राहिली. इतकी वर्षं लोकांच्या कापडाचे डोंगर कापणारी बाई आपल्या कापडापुढे अशी उभी राहिलेली बघून मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. कात्री चालायला लागली तसा टेबलावर खरखर असा जड आवाज होत राहिला. मध्येच एकदा आवाज थांबला. ताईनं अंगठा झटकला, माझ्याकडे बघितलं नाही, आणि पुन्हा कापायला लागली. वरचे चौकोन रेघेवर बरोबर आले. खालचे तिनं बघितले नाहीत. गठ्ठा तसाच उचलून तिच्या सूनबाईच्या शिलाई मशीनवर नेऊन ठेवला.

शिवायचं सूनबाईनं. "मीच कापायचं आणि मीच शिवायचं म्हणजे आपणच पेपर लिहून आपणच तपासायचा," असं ताईचं म्हणणं होतं. सूनबाई घरात येऊन वर्षच झालेलं. मशीन ती इथंच शिकली, ताईच्या हाताखाली, आणि ताईच्या हाताखाली शिकणं म्हणजे ताईच्या जिभेखाली शिकणं. "ही शिवण आहे की गल्लीबोळ?" "दोरा घातलास ते बरं झालं, नाहीतर शिवलंय हे कळलंच नसतं." पोरगी ऐकून घ्यायची, उसवायची, पुन्हा शिवायची. हाताचं गुपित तिला सांगायचं नाही, असं ताईनं मला बजावलं होतं. तिला एवढंच माहीत होतं की आईंनी अखेर गोधड्या मनावर घेतल्या आहेत आणि काम नीट झालं पाहिजे.

रोज संध्याकाळी ताई कारखान्यातून आली की हात धुवायची आणि काही न बोलता मशीनजवळ जाऊन बसायची. दिवसभरात जोडलेला भाग मांडीवर घ्यायची आणि एकेका सांध्यावरून नख फिरवायची. चार कोपरे भेटतात तिथं नख अडकतं का, हे ती बघायची. जमेल तेव्हा मीही तिथं असायचे आणि चहा निवला तरी माझं लक्ष नसायचं. नख अडकलं नाही. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. सगळे कोपरे टिपून घेतल्यासारखे जुळलेले.

"बघ," ताई हळूच म्हणायची, आणि तिचे खांदे खाली यायचे.

मलाही हायसं वाटायचं, मी नाकारत नाही. सूनबाई मात्र त्या वेळी मशीनपाशी उभी राहून ओढणीचं टोक पिळत असायची. मला वाटलं, नवीन मुलगी आहे, ओरडा खायची सवय झालीय.

पहिली गोधडी पुरी झाली तेव्हा ती ताईनं मोठ्या ऐटीत पलंगावर पसरली. ती पलंगाला पुरेना. लांबीलाही आखूड, रुंदीलाही आखूड. ताईचं माप चुकलेलं मी जन्मात बघितलं नव्हतं.

"कापड आटलं असेल," ताई म्हणाली.

"धुतलंय कुठं अजून?" मी म्हटलं.

"मग शिवणीत जास्त गेलं असेल." तिनं सूनबाईकडे बघितलं. सूनबाईनं मान खाली घातली आणि 'हो' म्हणाली. विषय तिथंच मिटला. भावोजींनी गोधडी उचलून आपल्या पायांवर घेतली. "मला पुरते, मी घडी घालूनच झोपतो," म्हणाले.

दुसरी गोधडी झाली, पहिलीपेक्षाही आखूड, आणि तोही दोष शिवणीवर गेला. तिसरीही होत आली. कोपरे जुळतच होते. ताई पुन्हा पहिल्यासारखी बोलायला लागली, म्हणजे सगळ्यांना टाकून. अंगठा अजून बधिर व्हायचा, पण आता ती त्याला भीक घालत नव्हती. अशात कारखान्यात एक भारी कापड आलं. कुठल्याशा गिऱ्हाइकानं स्वतःच विणून घेतलेलं, नेमकं लागेल तेवढंच. बिघडलं तर दुसरं मिळायचं नाही. मालकांनी विचारलं, "पट्टी, तुम्हीच कापणार ना?" आणि ताईनं हो म्हणून सांगितलं.

मला तिनं हे फोनवर सांगितलं.  "कोपरे जुळले ना गं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "जुळले." तेवढंच तिला हवं होतं.

ज्या दिवशी ते कापड कापायचं होतं त्या दिवशी मला सुट्टी होती. तिसऱ्या गोधडीला अस्तर लावू लागायचं कबूल केलं होतं म्हणून मी सकाळीच गेले. ताई निघून गेलेली. सूनबाईनं मला खुर्ची दिली आणि खुर्चीवर एक नवीन उशी टाकली, घरीच शिवलेली. मी बसले तशी ती एका कोपऱ्यात उसवली आणि आतून रंगीत चिंध्या बाहेर आल्या. मी एक ओढून काढली. निळी, बारीक ठिपक्यांची, लांबट. एका टोकाला दोऱ्याएवढी बारीक, दुसऱ्या टोकाला रुंद होत गेलेली. दुसरी काढली, तीही तशीच. मूठभर काढल्या. सगळ्या तशाच.

"हे काय भरलंयस यात?"

सूनबाईचा चेहरा पांढराफटक पडला. "मावशी, आईंना सांगू नका."

"काय सांगू नको?"

"माझे कोपरेच जुळत नव्हते. कितीदा उसवलं. आईंचं कापणं तर चुकायचं नाही, म्हणजे माझ्याच शिवण्या-उसवण्यात खोट, त्यातच तुकडे ओढले जात असणार. मग मी सगळ्यांत लहान तुकडा घ्यायचे, बाकीचे त्याच्याएवढे छाटायचे आणि मग जोडायचे. कचऱ्यात टाकलं असतं तर आईंना दिसलं असतं, म्हणून उशीत भरलं." ती रडायच्या बेतात होती. "गोधडी लहान झाली ती त्यामुळंच."

मी चिंध्या मुठीत आवळल्या. ही पोरगी बोलणी चुकवायला कडा छाटत होती, आणि ताई त्याच कोपऱ्यांवर आपल्या हाताची परीक्षा घेत होती. दोघी एका घरात, एका मशीनपाशी, आणि एकमेकींना इतक्या भ्यालेल्या. मला दोघींच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण तेवढा वेळ नव्हता.

ताईला फोन लावून उपयोग नव्हता, कारखान्यात फोन दारातच ठेवून घेतात. मी चपला अडकवल्या आणि पळत सुटले. माझं वय पळायचं नाही, अंग तर त्याहून नाही. रस्त्यात दोघातिघांनी वळून बघितलं. डोक्यात एकच चाललं होतं, पातं टेकलं असेल की नसेल. कारखान्याच्या दारात रखवालदारानं अडवलं. घरच्यांना आत सोडत नाही, म्हणाला. मी त्याला म्हटलं, "पट्टीची बहीण आहे मी. अडवायचंच असेल तर मला धरून ठेव, पण आधी वर जाऊन मशीन बंद कर." त्याला काय वाटलं कोण जाणे, तो बाजूला झाला.

जिना चढताना मशीनचा आवाज ऐकू आला.

टेबलावर ते कापड उंच थरात पसरलेलं होतं, मोतिया रंगाचं. पलीकडे मालक हाताची घडी घालून उभे होते. टेबलाच्या टोकाला थर पसरणारा माणूस कापड दाबून धरून उभा होता. ताईच्या हातात मशीन होतं. पातं कडेच्या वाया जाणाऱ्या पट्टीत शिरलं होतं, खडूच्या रेघेला अजून टेकायचं होतं.

"ताई, थांब," मी म्हटलं.

तिनं मान वर केली. एवढी संतापलेली मी तिला कधी बघितली नव्हती. पण हात थांबला. मी जवळ गेले आणि तिच्या कानाशी सांगितलं. माझ्या मुठीत त्या निळ्या चिंध्या अजून होत्या, त्या तिच्यासमोर ठेवल्या. जास्त बोलावं लागलं नाही. कलत्या पात्याची चिंधी कशी दिसते, हे तिला मी काय सांगणार?

तिनं मशीन बंद केलं. 

"काय झालं?" मालकांनी विचारलं.

ताईनं पदराला हात पुसले. मग ती मालकांकडे न बघता थर पसरणाऱ्या माणसाकडे बघून बोलली. "त्या बाह्या माझ्या हातानं बिघडल्या होत्या. तुम्ही थर बरोबर लावला होता. माझ्या मनात तेव्हाच शंका आली होती, मी बोलले नाही."  तो माणूस कापडाची कड सारखी करत राहिला.

"मग हे कोण कापणार?" मालक म्हणाले.

"मी नाही," ताई म्हणाली.

घरी येताना ती माझ्यापुढे दोन पावलं चालत होती. मला वाटलं, रडत असेल. बरोबरीला आले तर रागानं दात आवळलेले. "चारचौघांत यायची काय गरज होती?" म्हणाली. मी म्हटलं, "तू चारचौघांत मशीन धरून उभी होतीस, तर मी काय घरी बसून अस्तर लावू?"  घर जवळ आलं तेव्हा तिनं विचारलं, "तिला काय सांगितलंस?" मी म्हटलं, काहीच नाही, तशीच पळत आले. घराच्या पायऱ्या चढताना तिनं कठडा डाव्या हातानं धरला. मी बघितलं आणि मला फार वाईट वाटलं. आता ती लपवत नव्हती.

सूनबाई दारातच उभी होती. आम्हा दोघींना अवेळी बघून ती मागे सरकली. "आई, मी मुद्दाम नाही केलं," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

"बस," ताई म्हणाली. सूनबाई मशीनच्या स्टुलावर बसली. ताई तिच्यासमोर, त्या घसरत्या दिवाणावर. मला वाटलं, आता आगपाखड होणार, आणि मी मध्ये पडायच्या तयारीत राहिले.

"पहिल्या गोधडीत किती छाटायचीस?" ताईनं विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"थोडंसंच."

"थोडंसं म्हणजे? दाखव."

सूनबाईनं अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं. मध्ये जेमतेम सूतभर फट. "तेही अगदी खालचे एकदोन तुकडे तेवढे लहान निघायचे म्हणून. वरचे बरोबर असायचे."

"आणि आताच्या?"

सूनबाईची बोटं लांब झाली. चांगली बोटभर फट. "आताच्यात तिसऱ्या तुकड्यापासूनच लहान निघतात." मग तिला राहवेना. "दर गोधडीला वाढतच गेलं, आई. मला वाटलं, माझंच शिवणं बिघडत चाललंय. तुम्ही कामावर गेलात की मी जुन्या चादरीवर सरळ शिवण मारायचा सराव करायचे. रोज करायचे. तरी वाढतच जायचं."

ती हात खाली घेणार, तेवढ्यात ताईनं तो धरला. बोटं मिटू दिली नाहीत. तशीच उघडी ठेवून ती त्या फटीकडे बघत राहिली. दवाखान्याच्या खिडकीवर माझं आयुष्य गेलं, पण माणूस आपला निकाल असा वाचताना मी कधी बघितला नव्हता.

"उद्यापासून काही छाटू नकोस," ताई म्हणाली. "मी कापीन तसं जोड."

"गोधडी वाकडी होईल, आई."

"होऊ दे. मला दिसायला हवं." तिनं फटीवरची नजर उचलली. "आणि नीट ऐक. तुझी शिवण सरळ आहे. पहिल्या दिवसापासून सरळ आहे."

सूनबाई ओक्साबोक्शी रडायला लागली. ताईनं तिला रडू दिलं, पण तिची बोटं काही सोडली नाहीत.